शोभेचं चित्र

ऑफिसात त्यांना सगळे कानसेन म्हणत, तेही तोंडावर. दुसरा कुणी असता तर चिडला असता, पण या गृहस्थांना ते नाव मिरवायला आवडायचं. डोळ्यांनी जन्मापासून दिसत नव्हतं. त्यावरून कुणी चुकचुकायला लागलं की ते म्हणायचे, "तुम्हाला जन्मात कधी पंख नव्हते, म्हणून रडत बसलात का?" मग हे आणखी खुलायचे आणि चहा मागवायचे.

त्यांचं काम म्हणजे वेबसाइट ऐकणं. हो, ऐकणंच. ज्यांना दिसत नाही त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये एक आवाज असतो, तो पडद्यावरचं सगळं वाचून दाखवतो. मथळे, मजकूर, बटणं, सगळं. फोटो आला की मात्र त्या बिचाऱ्याची पंचाईत होते, कारण फोटोतलं त्यालाही दिसत नाही. साइट बनवणाऱ्याने फोटोमागे एक ओळ लिहून ठेवली असेल तर तो ती वाचतो. नसेल तर नुसतं 'चित्र' म्हणतो, नाहीतर फाइलचं काहीतरी आकड्याआकड्यांचं नाव बरळत बसतो. कानसेन हे ऐकायचे आणि कुठे काय अडलं ते सांगायचे. मग साइटवाले कपाळाला आठ्या घालून दुरुस्ती करायचे.

आता साइट बनवणारी माणसं काही दुष्ट नसतात. पण डोळे असलेल्या माणसाला आपल्याला डोळे आहेत हेच लक्षात राहत नाही, त्याला काय करणार? एका बँकेच्या साइटवर कुठल्याच बटणाला नाव दिलेलं नव्हतं. आवाज आपला म्हणतोय, "बटण. बटण. बटण." कानसेनांनी बँकेच्या साहेबांना फोन लावला आणि विचारलं, "अहो, बँक आहे की शिंप्याचं दुकान?"

उलट टोकाचीही माणसं भेटायची. बुटांच्या एका दुकानाने साइटवर कडेकडेने पानाफुलांची नक्षी काढली होती आणि कुणीतरी अति शहाण्याने प्रत्येक पानामागे इमानेइतबारे ओळ लिहिली होती. "हिरवं पान. हिरवं पान. पिवळं फूल. हिरवं पान." कानसेनांनी हेडफोन काढून टेबलावर आपटला. "मी बूट घ्यायला आलोय की जंगलात हरवलोय?"

त्यासाठी एक नियम असतो. जे चित्र नुसतं शोभेचं आहे, ज्यातून कळण्यासारखं काही नाही, त्यामागची ओळ रिकामी ठेवायची. मग आवाज तिथे थांबतच नाही, 'चित्र' असंही म्हणत नाही, जणू तिथे काही नव्हतंच. या नियमावर कानसेनांचा फार जीव. नव्या माणसाला पहिल्या दिवशी ते हाच धडा द्यायचे: शोभेचं असेल तर गप्प बसवा, आमच्या कानांना फुकट राबवू नका.

डोळ्यांचं काम करायला त्यांच्या शेजारी एक मुलगी बसायची. तिचं तोंड कामापेक्षा जास्त चालायचं, म्हणून तिचं नाव टकळी. कुठलं चित्र कशाचं आहे ते ती सांगायची, दोघं मिळून ओळ ठरवायचे आणि ती टाइप करायची. सुरुवातीला ती 'सुंदर', 'मनमोहक' असलं काहीबाही घालायची. कानसेन ते उडवायला लावायचे. "सुंदर आहे की नाही ते माझं मी बघीन," असं म्हणायचे, आणि मग दोघंही हसायचे.

असा हा माणूस. ऑफिसात बघाल तर हसतोय, खेकसतोय, कुणाची तरी फिरकी घेतोय. घरी गेलं की सगळं आवरलेलं, जागच्या जागी, आणि कुणी बोलणारं नाही.

बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. ती वाचनालयात नोकरीला होती. मोठं सार्वजनिक वाचनालय, उंच खिडक्यांचं. तिथे ज्यांना दिसत नाही त्यांना पुस्तक वाचून दाखवायची सोय होती, आणि ती सोय म्हणजे ही बाई. दुसरं कुणी नाही. कॉलेजात असताना कानसेन तिथे गेले ते पाठ्यपुस्तक ऐकायला. ते लवकरच संपलं. मग कादंबऱ्या झाल्या, प्रवासवर्णनं झाली, शेवटी मधमाश्या पाळण्यावरचं एक जाडजूड पुस्तकसुद्धा ऐकून झालं. मधमाश्यांशी यांचा काय संबंध? काडीचाही नाही. तेव्हा तिनेच विचारलं, "आता काय, रेल्वेचं वेळापत्रक वाचू का?" हे म्हणाले, "वाच." तिथेच लग्न ठरलं म्हणायला हरकत नाही.

ते तिला रेडिओ म्हणायचे, ती त्यांना श्रोते. "काय श्रोते, भाजी कशी झालीय?" "रेडिओ, जरा कमी बोल, मीठ कमी आहे." लग्नानंतरही ती घरी रोज वाचायची आणि वाचताना भांडायचीही. पुस्तकातलं एखादं पात्र मूर्खपणा करायला लागलं की वाचणं सोडून त्यालाच झापायची.

आणि तिचा आवाज कुठेही साठवलेला नव्हता. एक ओळ नाही. जन्मभर आवाजांवर जगलेला माणूस, घरात चार यंत्रं, सगळी रेकॉर्डिंग करणारी, आणि बायकोचा आवाज नाही. रोज कानाशी असलेला आवाज कोण कशाला साठवून ठेवील? स्वयंपाकघरात नळ वाहतोय, तो कुणी रेकॉर्ड करतं का? लोक म्हणायचे, फोटो तर असतील ना. असतील. ढीगभर असतील. यांना त्यांचा काय उपयोग? लोकांची माणसं गेली की भिंतीवर राहतात. यांच्या घरात ती कुठेच राहिली नाही, आणि याचा त्यांना इतका राग यायचा की कधीकधी ते कपाट उघडून तिच्या स्वेटरलाच दोन शब्द सुनवायचे.

एक मेहुणी होती. बायकोची धाकटी बहीण, दुसऱ्या शहरात राहणारी. तिच्या आवाजातला पहिला शब्द, फोनवरचा 'हॅलो', हुबेहूब ताईसारखा. पुढचं सगळं वेगळं, बोलायची ढब वेगळी, हसणं वेगळं. पण तो 'हॅलो'! कानसेन उगीचच तिला फोन लावायचे. हवा कशी आहे, गुडघे काय म्हणतात, असलं काहीतरी विचारायला. ती समजून चुकली होती, पण तिने कधी बोलून दाखवलं नाही.

असाच एकदा फोन चालू असताना ती सहज म्हणाली, "दाजी, नातीसाठी पुस्तकं बघायला म्हणून त्या वाचनालयाची साइट उघडली होती. ताईचा फोटो अजून आहे हो तिथे. पहिल्याच पानावर. मला एकदम भरून आलं."

"कुठे?"

"पहिल्या पानावर. वरतीच. एवढा मोठा."

"कसं शक्य आहे?" कानसेन म्हणाले. "ती साइट मी स्वतः तपासलीय."

फोन ठेवला आणि त्यांना आठवलं. बायको नोकरीत असतानाची गोष्ट. वाचनालयाने तेव्हा नवी साइट बनवली होती, आणि ती तपासायला यांच्याकडेच आली होती. टकळीच्या आधी जो माणूस होता, तो घाईत म्हणाला होता, "वर एक फोटो आहे, पुस्तकं, खिडकी वगैरे. शोभेचा." आणि हे म्हणाले होते, "मग गप्प राहू दे." त्या संध्याकाळी घरी येऊन बायकोला ऐटीत सांगितलंही होतं, तुमच्या साइटवरचं एक शोभेचं चित्र गप्प केलं म्हणून. ती हसली होती. पोट धरधरून हसली होती. "शोभेचं का? बरं केलंत हो, श्रोते." काय एवढं हसण्यासारखं आहे ते यांना कळलं नव्हतं, आणि तिनेही सांगितलं नव्हतं. लाजली असेल, की गंमत वाटली असेल, की उद्या सांगू म्हणून राहून गेलं असेल? आता कुणाला विचारणार!

दुसऱ्या दिवशी ऑफिसात ते आल्या आल्या म्हणाले, "टकळे, वाचनालयाची साइट उघड. जुनी."

"काका, जुनी कशाला? नवी आलीय ना आपल्याकडे तपासायला. जुनी तर महिनाअखेर काढून टाकणार आहेत."

तेही एक होतंच. वाचनालयाने साइट पुन्हा नव्याने बनवायला घेतली होती. नव्या साइटवर पहिल्या पानावर नव्या इमारतीचा फोटो जाणार होता. जुना फोटो जुन्या साइटबरोबरच जाणार होता.

"उघड म्हटलं ना. वर फोटो आहे. काय आहे त्यात?"

टकळीने बघितलं आणि शिकवल्याप्रमाणे सांगितलं, "खिडकीशी बसलेल्या बाई एका अंध माणसाला पुस्तक वाचून दाखवत आहेत." नेमकं, आटोपशीर, एकही शब्द फालतू नाही. कानसेनांना आयुष्यात पहिल्यांदा आपल्या शिकवणीचा संताप आला.

"आणखी?"

"आणखी म्हणजे..." मग तिचा आवाज बदलला. "अगंबाई! काका, हे तुम्ही आहात. केस आहेत तुम्हाला! काठीवर हनुवटी टेकलीय. आणि तोंड उघडं आहे."

"माझं राहू दे. ती कशी आहे?"

"काकू ना? काकूंच्या हातात पुस्तक आहे, मांडीवर, उघडं. बोट ठेवलंय ओळीवर." टकळी थांबली. जी मुलगी कधी थांबत नाही ती थांबली, म्हणून कानसेन खुर्चीत पुढे सरकले. "पण त्या पुस्तकात बघत नाहीयेत, काका. तुमच्याकडे बघतायत. बोट ठेवलंय ओळ चुकू नये म्हणून, आणि बघतायत तुमच्याकडे. हसतायत थोडंसं. तुम्हाला पत्ताच नाही."

कानसेनांना आठवलं. वाचता वाचता ती मध्येच थांबायची. हे म्हणायचे, काय झालं? ती म्हणायची, पान उलटतेय. त्यांना कधी शंकासुद्धा आली नव्हती. आवाज नसताना ती काय करत असेल हा विचार त्यांनी जन्मात केला नव्हता, कारण आवाज थांबला की त्यांच्यासाठी तीही थांबायची. आणि ती तर तेव्हाच त्यांच्याकडे बघत होती. किती वर्षं, किती पानं, देव जाणे. त्यांनी रुमाल काढला आणि नाक शिंकरल्याचं सोंग केलं. टकळीनेही कॉम्प्युटरकडे बघितल्याचं सोंग केलं, पण ते त्यांना दिसायचं कारण नव्हतं.

मग मात्र त्यांनी हट्टच धरला. फोटो नव्या साइटवर गेला पाहिजे, पहिल्या पानावर, आणि त्यामागे ओळ पाहिजे. लोक भिंतीवर बघतात, तर आपल्याला निदान ऐकू येऊ दे. साइट उघडली की ती आहे, असं झालं पाहिजे. टकळी म्हणाली, "काका, तुमच्या फोनवर पाठवते की फोटो, ओळ लिहून." ते म्हणाले, "पाठव. पण तिथेही हवा. ती तिथली आहे." हट्टी माणसाला कोण समजावणार?

वाचनालयाचे मुख्य ग्रंथपाल तसा भला माणूस. बाईंच्या हाताखाली शिकलेला. कानसेन स्वतः काठी टेकत त्यांच्या खोलीत गेले, दोन शब्दांत मागणी सांगितली आणि नाही ऐकायच्या तयारीने ताठ बसून राहिले.

"अहो, एवढंच ना?" ग्रंथपाल म्हणाले. "बाईंसाठी एवढंही करायचं नाही का? इमारतीचा फोटो घालू कुठेतरी खाली. तुम्ही ओळ लिहा, तुम्हाला हवी तशी."

कानसेन परत आले ते हवेतच. टकळीबरोबर बसून त्यांनी ओळ केली, खोडली, परत केली. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांचे शब्द छाटले तो एका एका शब्दासाठी भांडत होता. शेवटी ठरलं: 'खिडकीशी बसलेल्या ग्रंथपाल बाई एका अंध वाचकाला पुस्तक वाचून दाखवत आहेत. बोट ओळीवर आहे, पण नजर त्याच्या चेहऱ्यावर आहे.' टकळी म्हणाली, "नियमाने जरा लांब झाली." कानसेन म्हणाले, "नियम गेला खड्ड्यात."

नवी साइट तपासणीसाठी तयार झाली. त्यांनी हेडफोन लावला, पहिलं पान उघडलं, आणि आवाजाने ती ओळ वाचली. यंत्राचा आवाज तो, त्याला ना हसू ना रडू. तरी ते मागे गेले आणि पुन्हा ऐकलं. पुन्हा मागे गेले. टकळी चहा घेऊन आली, चहा गार झाला, हे आपले मागे जातायत आणि ऐकतायत. "नजर त्याच्या चेहऱ्यावर आहे." आपल्या चेहऱ्यावर कुणाची नजर आहे हे ऐकायला मिळेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. त्या दिवशी ते कुणावर खेकसले नाहीत.

पण तपासणी एकट्याने होत नाही. वेगवेगळ्या गावांतले, न दिसणारे आणखी काहीजण साइट वापरून बघतात आणि आपापल्या अडचणी लिहून पाठवतात. त्यांच्यात एक कॉलेजातली मुलगी होती, याच शहरात नव्याने राहायला आलेली. तिच्या अडचणी टकळीने एकेक करून वाचल्या. शोधायची जागा सापडत नाही. वाचनालयाच्या वेळा नीट वाचल्या जात नाहीत. आणि मग टकळी अडखळली.

"वाच ना," कानसेन म्हणाले.

"'पुस्तक वाचून दाखवायची सोय आहे हे पहिल्या पानावर कळलं. खूप बरं वाटलं. मी इथे कुणालाच ओळखत नाही. पण पुढे माहिती दिलेली नाही. वाचणाऱ्या बाई कोणत्या दिवशी असतात?'"

कानसेनांच्या हातातला कप तसाच राहिला. ज्यांना दिसतं त्यांना तो फोटो बघताक्षणी जुना वाटतो. खिडक्या जुन्या, कपडे जुने, रंग उडालेला. छान आठवण म्हणून बघतात आणि पुढे जातात. पण ज्याला दिसत नाही त्याने ओळ ऐकली तर त्याला जुनं काय नि नवं काय? त्याला एवढंच कळणार की तिथे एक बाई आहे, ती वाचून दाखवते. आपण जायचं, बसायचं. तेही असेच गेले होते.

त्यांनी लगेच ग्रंथपालांना फोन लावला. "वाचून दाखवायला कुणी ठेवता येईल का? आठवड्यातून एखादा दिवस?"

ग्रंथपालांनी सुस्कारा सोडला. "बाई गेल्यापासून ती जागाच भरली नाही हो. मी वर दोनदा मागितली. म्हणतात, आता सगळं फोनवर ऐकायला मिळतं, माणूस कशाला? काय सांगू तुम्हाला!"

"बरं," कानसेन म्हणाले आणि फोन ठेवला.

टकळीला कळलं होतं त्यांच्या मनात काय चाललंय. ती घाईघाईने म्हणाली, "काका, सोपं आहे. 'जुना फोटो' असं लिहू सुरुवातीला. 'जुना फोटो: ग्रंथपाल बाई...' झालं. कुणाची फसगत नाही."

"कळेल ना तिला. एकेकाळी इथे कुणीतरी वाचायचं, तू उशिरा आलीस. हे कळवायला पहिल्या पानावर ओळ?"

"मग ओळ रिकामी ठेवू. फोटो राहू दे, शोभेचा म्हणून."

"डोळ्यांवाल्यांनी बघायचं आणि आम्हाला पत्ता नाही, असं?" ते खेकसले, आणि लगेच त्यांचा आवाज उतरला. "नको, पोरी. शोभेची नव्हती ती."

बाजूच्या टेबलावर कुणीतरी हसत होतं, बाहेर जिन्यावर पावलं वाजत होती. कानसेनांनी हेडफोन लावला, ती ओळ एकदा ऐकली, आणि काढून ठेवला.

"काढ," ते म्हणाले. "फोटो पण काढ आणि ओळ पण काढ. इमारतीचा लाव."

"काका..."

"काढ म्हणतोय ना. मला ती हवी आहे, म्हणून त्या पोरीने शहर ओलांडून रिकाम्या खुर्चीपाशी यायचं का? फार हवी आहे, टकळे. कशी सांगू तुला. पण नको."

टकळीने काढलं. डोळे पुसत काढलं, आणि यावेळी सोंग केलं नाही, नाक सुरसुरत होतं ते त्यांना ऐकू येत होतं. मग तिने विचारलं, "त्या मुलीला उत्तर द्यायचं राहिलंय. तिने विचारलंय ना, बाई कोणत्या दिवशी असतात. काय लिहू?"

"तू काय लिहिलंयस?"

"'वाचणाऱ्या बाई आता नसतात.'"

"'नसतात' नको," कानसेन म्हणाले. "नसतात म्हटलं की वाटतं, आज नाहीत, कधीतरी असतील. तीही वाट बघत बसेल." त्यांनी हात लांब करून टेबलाची कड घट्ट धरली. "'नाहीत' लिही."